पाचोळा आळ्यात घाला

माघ-फाल्गुनात बदाम, पिंपळ, कडुनिंब पानं टाकू लागले की सोसायटीच्या कोपऱ्यात पाचोळ्याचे ढीग पेटतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली बंदी घालून ५,००० रुपयांचा दंड ठरवला, तरी धूर काही थांबलेला नाही. आणि तीच मंडळी पुढच्या रविवारी रोपवाटिकेतून खताच्या पिशव्या उचलून आणतात! झाडाने फुकट दिलेलं जाळायचं आणि विकत आणून परत घालायचं, हा व्यवहार मला तरी कळत नाही.

पाचोळ्याचा पहिला उपयोग मात्र खत म्हणून नाही, आच्छादन म्हणून आहे. उघड्या आळ्यात पाणी घातलं की वरची माती उन्हाने वाळते आणि मातीच्या बारीक कणांमधल्या पोकळ्यांतून खालचं पाणी वर ओढलं जातं, तेही उडून जातं. काळी माती असेल तर भेगा पडतात आणि खोलवरची ओलही निसटते. पाचोळ्याच्या थरात अशा सलग बारीक पोकळ्या नसतात. पाणी मातीच्या माथ्यापर्यंत येतं आणि तिथेच थबकतं. ऊन थेट पोचत नाही, वारा लागत नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी एका उघड्या आणि एका झाकलेल्या कुंडीत बोट खुपसून पाहा. फरक सांगावा लागणार नाही.

पावसाळ्यात याच थराचं काम वेगळं. टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला की चिखल उडतो आणि त्याबरोबर मातीत, जुन्या पानांत दडलेले करप्याचे बीजाणू टोमॅटोच्या खालच्या पानांवर जाऊन बसतात. कड्याकड्यांचे तपकिरी डाग आधी तळाच्या पानांवर दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. आच्छादन थेंबाचा मार स्वतःवर घेतं.

आता करायचं कसं? आधी तण उपटा, मग भरपूर पाणी द्या आणि मगच झाका. कोरडी माती झाकली तर हलक्या सरी वरच्या वर अडतात आणि मुळं तहानलेलीच राहतात. थर दोन ते तीन इंचांचा पुरे. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर सततच्या ओलीने खोड कुजतं. बी पेरलेलं असेल तर रोप वीतभर होईपर्यंत थांबा. मेथी-कोथिंबिरीच्या दाट वाफ्याला आच्छादनाची फारशी गरजच नसते.

बदामाची पानं अख्खी टाकू नका. ती एकावर एक चिकटतात आणि पाणी वरून घसरून जातं. हाताने चुरा करून टाका. उसाचं पाचट उत्तम, बरेच दिवस टिकतं. ओलं गवत जाड थरात तापतं, वास मारतं, म्हणून आधी वाळवा, आणि त्याला बी धरलेलं नसेल एवढं पाहा. गिरिपुष्पाचा पाला लवकर कुजतो आणि नत्रही भरपूर देतो. कोकणात नारळाच्या आळ्यात सोडणं पुरतात, तेही ओल धरण्यासाठीच. लाकडाचा भुसा मात्र जपून वापरा: तो मातीत मिसळला तर कुजवणारे जीवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. नुसता वर पसरला तर हा त्रास फार होत नाही. टोमॅटो-कलिंगडाच्या शेतात प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर तण रोखतो आणि पाणी राखतो, पण मातीला खायला काहीच देत नाही. घरच्या बागेत तो नकोच.

महिन्या-दोन महिन्यांनी थर हलकेच बाजूला करा. तळाची पानं काळपट, मऊ, शिरांची जाळी उरलेली. मधून पांढऱ्या बुरशीचे धागे. खाली गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या. वेटोळं करून बसलेला वाणी दिसला तर मारू नका, तो बहुतेक कुजलेलंच खातो. खत तयार होतं ते इथे, पान आणि माती जिथे भिडतात तिथे.

सुभाष पाळेकरांनी आपल्या नैसर्गिक शेतीपद्धतीत जीवामृताच्या जोडीला आच्छादन आणि वाफसाही सांगितला, ते उगाच नाही. मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. घरच्यापुरतं जीवामृत करायचं तर १० लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि चिमूटभर माती कालवून दोन दिवस सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा आणि आठवड्याच्या आत संपवा. पण एवढ्यावर कुंडीतली वांगी पोसत नाहीत. कुंडीला शेणखत किंवा गांडूळखत लागतंच.

राहिली कीड. माव्यावर निंबोळी अर्क: लिटरमागे ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा, कारण उन्हात त्यातलं द्रव्य लवकर निकामी होतं. पावसाळ्यात ओल्या थराखाली गोगलगायी लपतात. तेव्हा थर विरळ करा आणि रात्री गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याशेजारी टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

थर हळूहळू खाली बसणारच, वरून नवा पाला घालत राहा. तो बसतच नसेल तर समजा, खालची माती कोरडी पडली आहे. आधी पाणी द्या.