शिशाच्या गोळीची साक्ष

आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. आमची हयात कोळशाच्या खाणी, कागदाचा कारखाना आणि सिमेंटच्या भट्ट्या येथील कामगारांत गेली. जे काही शिकलो ते त्यांच्याच संगतीत आणि रात्री कंदिलाजवळ. परंतु जमीन खणतो तो कामगारच, आणि जमिनीतले पहिले त्याच्याच हाती लागते. चंद्रपुरात नालीचे खोदकाम करणाऱ्या एका मजुराने एकदा रुमालाची गाठ सोडून आमच्यासमोर बोराएवढी एक पांढुरकी गोळी ठेवली व विचारले, “भाऊ, हे चांदी तं नाही?” त्याच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे, एवढ्यासाठी हे व्याख्यान.

प्रथम गोळी शिशाची आहे काय, हे पाहावे. लोहचुंबक लावावा, चिकटली तर ती लोखंडाची. आपल्या भागात सिमेंटच्या दळणगिरण्यांतले पोलादी गोळे आणि यंत्रांच्या बेअरिंगमधले छर्रे वाटेल तेथे पडलेले असतात, आणि चार दिवस गंजले की तेही पुरातन दिसू लागतात. मग वजन करावे. शिसे पाण्याच्या सव्वाअकरापट जड, तर लोखंड पावणेआठपट. साडेसतरा मिलिमीटर व्यासाची गोळी शिशाची असेल तर सुमारे 32 ग्रॅम भरते. तीच पोलादाची असेल तर 22 ग्रॅमच्या आसपास. फिटरजवळचे मापयंत्र आणि सोनाराचा काटा, एवढ्यावर काम भागते. आरपार भोक असेल, तर ते बहुधा कोळ्याच्या जाळ्याचे वजन समजावे.

जुन्या शिशावर पांढरट-करडा थर चढतो. दोन फाळ्यांच्या साच्यात ओतलेल्या गोळीवर सांध्याची बारीक रेघ राहते, आणि जेथून रस ओतला तेथे कापलेल्या देठाची खूण. एका बाजूने चेपलेली गोळी कशावर तरी आदळलेली असते. अखंड गोळी पुष्कळदा घाईत हातातून निसटलेली.

आता मापाकडे वळू. इंग्रजी पलटणींच्या ठासणीच्या बंदुकीची नळी पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटर रुंद असे; गोळी मात्र साडेसतराच्या सुमारास. दारूच्या काजळीने नळी भरली तरी गोळी झटपट उतरावी, म्हणून ही मोकळीक. तोड्याच्या देशी बंदुकांना असे एकच माप नव्हते. ज्याची जशी नळी, तसा त्याचा साचा. लांबट, बुडाशी पोकळ गोळी मात्र 1850 च्या सुमारास प्रचारात आली. ती 1818 च्या लढाईची म्हणून कोणी विकू लागला, तर तो एक फसलेला तरी आहे किंवा फसवणारा तरी.

पण मापावरून साल ठरते काय? नाही. ठासणीच्या बंदुकीने शिकार आपल्या जंगलांत फार उशिरापर्यंत चालू होती. गोळीला बोलते करते ती तिची जागा. 1818 च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सने चांद्याच्या कोटाला वेढा घातला, आणि 20 मे रोजी भगदाडातून सैन्य आत शिरले. किल्लेदार गंगासिंग त्यात पडला. तटाच्या पायथ्याशी पाच-पन्नास गोळ्या कोठे आणि किती खोलीवर आहेत, हे जर नकाशावर मांडता आले, तर मारा कोठून झाला हे उमगेल. गोळी खिशात गेली की ही साक्ष संपली.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे 1876 साली आदिवासींनी सरकारी घोडदळाचा पराभव केला. 1983 साली तेथील गवत वणव्यात जळाले, आणि पुढल्या वर्षी संशोधकांनी धातुशोधक यंत्रे घेऊन प्रत्येक गोळीची जागा टिपली. त्यावरून कोण कोठे लढला, हे नव्याने मांडता आले. आपल्याकडे 1858 साली बाबूराव शेडमाके यांनी नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामणपेठ येथे इंग्रजांशी झुंज दिली, आणि 21 ऑक्टोबरला चांद्यात त्यांना फाशी झाली. या चकमकींचे कागद मुख्यतः फाशी देणाऱ्यांनी लिहिले. फाशी गेलेल्याच्या बाजूने जमिनीने काही राखून ठेवले असेल, तर ते चार पैशांसाठी वितळवू नये, असे आम्हांस वाटते.

तेव्हा काय करावे? वस्तू दिसली की जागेचे छायाचित्र घ्यावे, जवळच्या खुणेपासून अंतर आणि खोली लिहावी. आम्लाने वा राखेने घासू नये. हात धुवावेत आणि पोराबाळांच्या तोंडी ती जाऊ देऊ नये, कारण शिसे विषारी आहे. जंगलात अनोळखी डबा, तार किंवा मोठा गोळा दिसला, तर हात न लावता पोलिसांस कळवावे. संरक्षित तटाच्या हद्दीत परवानगीवाचून खणणे 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर 1878 च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस खबर देणे भाग आहे.

आमच्या त्या मजुराची गोळी शिशाचीच निघाली. वजन 31 ग्रॅम. “नेमकी कोठे सापडली?” असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “माती तं ट्रकनं गेली, भाऊ.” त्याला दोष कसा द्यावा? त्याला हे आधी कोणी सांगितलेच नव्हते. आज आपण ऐकलेत. आता आपल्या घराचा पाया खणणाऱ्यास हे सांगणे आपल्याकडे लागले.