ॲम्प 'घूं' करतोय म्हणून प्लगची तिसरी पिन काढताय? थांबा, आधी हे वाचा!

गणपतीचे दिवस. स्टेज लागलंय. की-बोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो, गिटार सगळं जोडून झालंय. कार्यक्रमाला अर्धा तास उरलाय आणि स्पीकरमधून एकसारखा "घूंऽऽऽ" असा आवाज येतोय. मग कुणीतरी जाणकार पुढे होतो, ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतो किंवा सरळ पक्कड घेऊन ती जाड पिनच उपटतो. आणि आवाज खरोखर बंद होतो! सगळे खूश.

हा जुगाड इतका सर्रास चालतो की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. पण याच प्रकारच्या चुकीने जगभरात वादकांचे जीव गेलेत.

३ मे १९७२. वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर होता. त्याने मायक्रोफोनला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला. कारण होतं बिघडलेलं अर्थिंग. तो अवघा २७ वर्षांचा होता. १९७६ साली 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरात गिटार वाजवताना असाच गेला. 'रोलिंग स्टोन्स'चा कीथ रिचर्ड्स १९६५ मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोत गिटार माईकच्या स्टँडला लागताच बेशुद्ध पडला होता. पायातल्या रबरी तळव्यांच्या बुटांमुळे तो वाचला, असं सांगितलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, गिटारला तर विजेची वायरच नसते, मग शॉक बसतो कसा?

तारांपासून ॲम्पपर्यंत एकच रस्ता

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून एका वायरने जॅकला जोडलेल्या असतात. जॅकमधून केबलची बाहेरची जाळी जाते आणि ती ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला मिळते. म्हणजे तारेवर बोट ठेवलं की तुम्ही ॲम्पच्या बॉडीलाच हात लावलेला असतो. पिकअप लावलेल्या इतर वाद्यांतही बऱ्याचदा अशीच रचना असते.

आता प्लगकडे बघा. तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. ॲम्पच्या आत एखादी वायर सुटून बॉडीला चिकटली, तर वीज या पिनेतून जमिनीकडे जाते आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिनच नसेल तर यातलं काहीच होत नाही. बॉडीत २३० व्होल्ट येऊन बसतात आणि ॲम्प मात्र छान वाजत राहतो. कुणाला पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो गाताना. एक हात तारांवर, ओठ माईकच्या जाळीवर. माईकची बॉडी मिक्सरमार्फत अर्थला जोडलेली. सर्किट पूर्ण होतं ते वादकाच्या छातीतून.

उलटंही घडू शकतं. तुमचा ॲम्प एकदम ठीक, पण साउंडवाल्याच्या मिक्सरला अर्थिंग नाही. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात तर अर्थिंगचा विचार झालाय का, हे विचारूनच घ्यावं. कुणाला राग आला तरी चालेल.

गायला उभं राहण्याआधी तारा आणि माईकची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून बघा. आकडा शून्याच्या आसपास हवा. दहा-वीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसले तर इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय वाजवायचं नाही. स्क्रू-ड्रायव्हरवाला टेस्टर पेटला तर धोका आहे हे नक्की, पण तो पेटला नाही म्हणजे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका.

मग तो 'घूं' घालवायचा कसा?

आधी तो येतो कुठून ते शोधायचं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. तोच ५० किंवा त्याच्या दुप्पट १०० हर्ट्झचा सूर स्पीकरमधून ऐकू येतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडचा 'घूं' जरा वरच्या पट्टीत असतो!

ॲम्पला जोडलेल्या सगळ्या केबल काढून टाका. तरीही घूं येतोय? मग दोष ॲम्पच्या आत आहे. जुन्या ॲम्पमध्ये पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर म्हातारे झाले की असं होतं. हे काम मेकॅनिकचं. स्वतः झाकण उघडू नका, कारण प्लग काढून ठेवल्यावरही या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ती शेकडो व्होल्टची असते.

केबल काढल्यावर आवाज गेला असेल, तर एकेक वस्तू परत जोडत चला. फक्त गिटार जोडल्यावर घूं येतोय, तारांना हात लावला की कमी होतो? घाबरू नका, हे नेहमीचं आहे. तुमचं शरीर हवेतला विजेचा गोंगाट ॲन्टेनासारखं पकडतं आणि तारेला हात लागला की तो ॲम्पच्या वाटेने अर्थला निघून जातो. (हाताला झिणझिण्या येत असतील तर मात्र लगेच ॲम्प बंद करून प्लग काढा.) एकाच कॉइलच्या पिकअपला हा त्रास जास्त. म्हणून तर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन कॉइल उलटसुलट जोडून घूं आपोआप रद्द करणारा 'हमबकर' पिकअप बनवला. तो नसेल तर ट्रान्सफॉर्मर आणि लाइटच्या डिमरपासून थोडं लांब उभं राहून, वळून बघा. फरक पडतो.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त छळतो: ग्राउंड लूप. ॲम्प एका सॉकेटवर, मिक्सर लांबच्या दुसऱ्या सॉकेटवर. दोघांनाही अर्थिंग आहे आणि दोघांच्या मध्ये ऑडिओ केबलही आहे. म्हणजे अर्थला जायला दोन रस्ते झाले, त्यांचं एक रिंगण तयार झालं आणि त्या रिंगणात थोडीशी वीज फिरू लागली. पिन उपटल्यावर घूं जातो तो याच कारणाने, कारण रिंगण तुटतं. पण तोडायचा रस्ता तो नव्हे! सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच पॉइंटवरून, चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. लाइटिंग वेगळ्या लाइनवर टाका. तरीही राहिलाच तर डीआय बॉक्स वापरा. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं बटण असतं. ते फक्त ऑडिओ केबलची जाळी सोडवतं, विजेचं अर्थिंग जागच्या जागी राहतं. हजार-दोन हजारांच्या वस्तूने जीव आणि आवाज दोन्ही सांभाळले जात असतील तर पक्कड कशाला हवी?

आणि हल्ली ट्रॅक वाजवायला लॅपटॉप असतोच. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूं गेला तर चोर सापडला.

दोन केबल, दिसायला जुळ्या

बऱ्याच ॲम्पना स्पीकरचा डबा वेगळा असतो आणि तो जोडायलाही तोच ६.३५ मिलिमीटरचा जॅक वापरतात. हा जॅक मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला, तेव्हाच्या ऑपरेटर हाताने खोचत असत तो. जॅक सारखा असल्यामुळे लोक हाताला लागेल ती केबल लावतात. पण आतला मामला अगदी वेगळा आहे.

वाद्यातून येणारा सिग्नल एक व्होल्टपेक्षाही लहान असतो. म्हणून त्या केबलमध्ये एकच बारीक तार आणि तिच्याभोवती गोंगाट अडवणारी जाळी असते. स्पीकरकडे मात्र १०० वॉटचा ॲम्प ८ ओहमला सुमारे २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर ढकलतो. तिथे दोन जाड तारा लागतात. वाद्याची केबल स्पीकरला लावली की ती तापते आणि कधी आतल्या आत शॉर्ट होते. स्पीकरची केबल वाद्याला लावली तर जाळी नसल्यामुळे घूंच घूं. दोन्ही केबलना वेगळ्या रंगाच्या टेप लावून ठेवा, विषय संपला.

व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तो महागात पडतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला भीती उलटी: ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. ॲम्पच्या मागे किमान किती ओहम लिहिलंय ते बघूनच जोडा.

वाद्याची केबल उगाच लांबही घेऊ नका. लांबीबरोबर तिची कपॅसिटन्स वाढते आणि वरचे, चमकदार सूर बोथट होतात. पाच-सहा मीटर पुरे.

केबल गुंडाळताना अंगठा आणि कोपर यांच्यात करकचून वेढे घालायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने आतली तार पिळली जाते आणि जॅकच्या तोंडाशी तुटते. हातात सैल गोल वेढे घ्या, एक सुलटा, एक उलटा. पुढच्या वेळी टोक धरून फेकली की गाठ न पडता उलगडेल. केबल काढताना वायर नाही, जॅक धरून ओढायचा, आणि त्याआधी व्हॉल्यूम शून्यावर. पावसाळ्यात, विशेषतः कोकणाच्या हवेत, जॅक काळे-हिरवे पडतात. कोरड्या कापडाने पुसा, नॉब फिरवताना खरखर येत असेल तर ॲम्प बंद करून, प्लग काढून काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि नॉब दहा-बारा वेळा पुढे-मागे फिरवा.

तुमच्या मंडळाच्या ॲम्पची पिन आधीच कुणी उपटलेली असेल, तर नवा तीन पिनांचा प्लग इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि ज्या सॉकेटला तो लावणार, त्याला खरंच अर्थिंग आहे का तेही त्याच वेळी तपासून घ्या. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे मागे अर्थची वायर आहेच, असं नसतं.