पिस्तुलाची मूठ आणि नेमबाजाचा हात

चप्पल घेताना आपण दुकानातच दोन पावले चालून बघतो. टाच बाहेर येते का, अंगठा दाबला जातो का, हे पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. हातात धरायच्या वस्तूंच्या बाबतीत मात्र आपण इतके चोखंदळ नसतो. खुरपे, विळा, कात्री, करवत यांची मूठ जशी असेल तशी चालवून घेतो आणि हाताला घट्टे पडले की ‘कामाचा हात आहे, चालायचेच’ म्हणून सोडून देतो. आज अशाच एका मुठीविषयी लिहायचे आहे. ही मूठ पिस्तुलाची आहे.

वाचकहो, दचकू नका. हा शस्त्रांचा पुरस्कार नव्हे. नेमबाजी हा आता आपल्या घरातला खेळ झाला आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन आणि आपल्या राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये एक कांस्यपदक आणले. त्यानंतर मनगट, अंगठा किंवा कोपर दुखते म्हणून माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत नेमबाजी शिकणारी मुले-मुलीही दिसू लागली आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या पिस्तुलाच्या मुठीविषयी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ग्रिप’विषयी, प्रत्येकाचे मत ठाम असते आणि कोणाचेही मत दुसऱ्याशी जुळत नाही!

मूठ बदलणारे काय म्हणतात?

कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, “डॉक्टर, ग्रिप हातमोज्यासारखी बसली पाहिजे. जिथे पोकळी राहते तिथे हात हलतो.” तिने लाकडी मुठीवर लांबी भरून, कानशीने घासून ती आपल्या पंजाच्या मापाची करून घेतली होती. एक निवृत्त सुभेदार याच्या अगदी उलट बोलले. “आम्हाला जे पिस्तूल मिळाले ते चालवले. हातानेच सवय करून घ्यायची असते, डॉक्टरसाहेब.” एका पालकांनी सातवीतल्या मुलासाठी जुनी पण मोठ्या मापाची मूठ घेतली होती. “वाढत्या अंगाचा आहे, पुढे होईल,” हा त्यांचा हिशेब शाळेच्या गणवेशासारखा. आणि संरक्षणासाठी परवाना घेतलेले एक व्यापारी आपल्या रिव्हॉल्व्हरला बसविलेल्या रबरी मुठीवर खूश होते. “झटका निम्म्यावर आला,” असे त्यांचे म्हणणे.

अमेरिकेत तर हा मोठा बाजारच आहे. तिथे २०१४ साली आलेल्या सिग सॉअर पी-३२० सारख्या पिस्तुलात क्रमांक असलेला कायदेशीर भाग म्हणजे आतली छोटी यंत्रणा. बाहेरचा प्लॅस्टिकचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, वेगळा विकत घेऊन बदलता येतो. तेथील पिस्तूलधारकांच्या तक्रारी वाचल्या तर त्या कोणत्याही डॉक्टरला ओळखीच्या वाटतील. चापाभोवतीच्या कडीची खालची कड घासून मधल्या बोटाला घट्टा पडतो. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलावरून त्याला तिकडे ‘ग्लॉक नकल’ असे नावच पडले आहे. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्याला सरकत्या भागाचा चिमटा बसतो. पकड घसरू नये म्हणून खरखरीत केलेली मूठ तळहात सोलवटून काढते. मग कोणी कड खोल कोरलेली फ्रेम घेतो, कोणी मागे शेपटीसारखा आडोसा असलेली घेतो, तर कोणी पहिल्याच मुठीवर परत येतो.

या सगळ्यांत बरोबर कोण? प्रत्येकाचे थोडे थोडे बरोबर आहे. ते कसे, हे समजण्यासाठी हात वस्तू कशी धरतो ते पाहू.

हात धरतो कसा?

आपल्या एका हातात २७ हाडे असतात. जॉन नेपियर या ब्रिटिश तज्ज्ञाने १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एक जोराची पकड, जशी कुदळ धरताना. दुसरी नाजूक पकड, जशी सुईत दोरा ओवताना. पिस्तुलाची गंमत अशी, की या दोन्ही पकडी एकाच हाताला एकाच वेळी कराव्या लागतात. मधले बोट, अनामिका आणि करंगळी जोर लावतात, आणि तर्जनीने मात्र त्या जोरापासून अलिप्त राहून चाप अलगद मागे घ्यायचा असतो.

मूठ फार जाड असली, की तर्जनीचे पेर चापापर्यंत पोहोचत नाही. मग मुलगा नकळत पंजा फिरवून घेतो. पिस्तूल बेचक्याच्या मधोमध न बसता अंगठ्याच्या मुळावर येते आणि सगळा भार तिथल्या सांध्यावर पडतो. मूठ फार बारीक असली, तर बोटांची टोके तळहातात रुततात आणि पिस्तूल हलू नये म्हणून हात गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. आवळलेला हात लवकर थकतो, आणि थकलेला हात थरथरतो.

यात वजनाची भर. १० मीटर एअर पिस्तुलाला नियमाप्रमाणे १५०० ग्रॅमपर्यंत वजन चालते. ते एका हाताने, कोपर सरळ ठेवून पेलायचे. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे असतात, म्हणजे किमान ६० वेळा हात वर. सराव वेगळाच. म्हणून मुठीतली लहानशी खोटही महिनाभरात दुखणे होऊन उभी राहते.

मूठ कितीही आरामशीर करावी म्हटले तरी खेळाचे नियम आडवे येतात. मुठीने तळहातापलीकडे आधार देता कामा नये. मनगट मोकळे दिसले पाहिजे. त्या हातात घड्याळ किंवा मनगटपट्टा चालत नाही. एअर पिस्तुलात तळहाताखालची लाकडी पट्टी वर वळलेली चालत नाही. म्हणून घरी कानस घेऊन बसण्याआधी प्रशिक्षकांना विचारावे. परवान्याच्या शस्त्राला तर घरी हातच लावू नये. ते काम अधिकृत दुकानदाराचे.

कुठे दुखते, त्यावरून काय समजावे?

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल, तर तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. याला डी क्वेर्व्हेनचा विकार म्हणतात. अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे हळूच वाकवावे. तिथे कळ आली तर शंका घ्यावी. मोबाईलवर अंगठा चालविणाऱ्यांना आणि तान्ह्या बाळाला सारखे उचलणाऱ्या मातांनाही हा त्रास होतो. नेमबाजात तो दिसला, तर मूठ जाड आहे का आणि अंगठ्याने दाब दिला जातो का, हे आधी पाहावे.

कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखणे म्हणजे बहुधा टेनिस एल्बो. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंवर ताण आल्याने तो होतो. मुठीचा कोन जमत नसेल आणि पिस्तुलाचे तोंड सारखे खाली जात असेल, तर मुलगा प्रत्येक वेळी मनगटाने ते वर ओढतो. दुखणे कोपराला, पण खोड मुठीत!

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर तळहाताची खालची पट्टी करंगळीच्या बाजूच्या मज्जातंतूला दाबत नाही ना, हे पाहावे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील आणि रात्री हात झटकावा लागत असेल, तर मनगटातला मज्जातंतू दबत असावा. मुंग्या आणि बधिरपणा या तक्रारी ‘सरावाने जाईल’ म्हणून अंगावर काढू नयेत. मज्जातंतू फार काळ दबला तर हाताची शक्ती जाते, आणि ती नेहमी पूर्ण परत येतेच असे नाही.

एक गैरसमजही दूर करतो. ‘ट्रिगर फिंगर’ हा आजार चाप ओढल्याने होतो असे नावावरून वाटते. तसे नाही. बोटाच्या दोरीला गाठ येऊन ती आवरणात अडकते आणि बोट चाप सुटल्यासारखे खटकन उघडते, म्हणून हे नाव. मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त दिसतो. तेव्हा असे बोट अडकू लागले, तर पिस्तुलाला दोष देण्याआधी रक्तातील साखर तपासावी.

मूठ तपासण्याची साधी रीत

हे सर्व पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, रेंजवरच, प्रशिक्षकांसमोर करावे.

१) पिस्तूल नेहमीसारखे धरून डोळे मिटावेत, हात उचलावा आणि मग डोळे उघडावेत. पुढचा-मागचा नेम जवळपास सरळ रेषेत आला तर मुठीचा कोन ठीक. दर वेळी मनगट वळवावे लागत असेल तर कोन चुकला.

२) तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर टेकली पाहिजे. बाकीचे बोट लाकडाला चिकटलेले नसावे.

३) नेहमीच्या सरावानंतर तळहात पाहावा. सगळीकडे फिकट लाली असेल तर चांगले. एकाच ठिकाणी खोल वण किंवा पांढरा डाग पडत असेल, तर मूठ तिथेच टोचते आहे.

४) खालची पट्टी हाताला करकचून लावू नये. उन्हाळ्यात आणि बराच वेळ सराव केल्यावर हात थोडा फुगतो. त्याला जागा ठेवावी.

५) एका वेळी एकच बदल करावा आणि आठवडाभर पाहावे. लाकूड घासून काढणे सोपे, परत चिकटविणे अवघड.

६) घासताना नाकावर रुमाल बांधावा. लांबी किंवा एम-सील मळताना हातमोजे घालावेत. अनेकांना त्याने खरूज झाल्यासारखी खाज सुटते.

लहान मुलांना मोठ्या मापाची मूठ मुळीच देऊ नये. मोठ्या गणवेशात मूल बावळट दिसेल इतकेच. मोठ्या मुठीने वाढत्या वयातले सांधे दुखावतात आणि चुकीच्या पकडीची सवय लागते. त्या सातवीतल्या मुलाला लहान मापाची मूठ आणि महिनाभर कमी सराव, एवढ्यावरच आराम पडला. मूठ दर सहा महिन्यांनी नव्याने पाहायची, असे त्याच्या वडिलांना सांगितले आहे.

रबरी मुठीविषयी. तिने झटका पसरतो आणि हाताला कमी टोचते, हे खरे. पण एअर पिस्तुलाला झटका जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे रबराचा खर्च करण्यात अर्थ नाही. सुभेदारांचे म्हणणेही अगदी टाकाऊ नाही. सवयीने स्नायू बळकट होतात. मात्र दबलेल्या मज्जातंतूला कसलीही सवय होत नाही.

उपचार आणि दोन इशारे

सुरुवातीच्या दुखण्याला आठ-दहा दिवस सराव कमी करणे, दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक आणि गरज पडल्यास थोडे दिवस साधे वेदनाशामक पुरते. पुढे पाची बोटांभोवती रबरबँड अडकवून पंजा उघडण्याचा व्यायाम करावा. नेमबाज नेहमी मूठ आवळतो, उघडणारे स्नायू मात्र दुर्लक्षित राहतात. तीन आठवड्यांत फरक नसेल, किंवा बधिरपणा असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पहिला इशारा औषधांचा. हाताची थरथर थांबावी म्हणून प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या मेडिकलच्या दुकानातून आणून घेणारे असतात. नेमबाजीत या गोळ्यांना स्पर्धेत आणि एरवीही बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याला याच औषधामुळे पिस्तुलातील दोन पदके परत करावी लागली. शिवाय दमेकऱ्याला ही गोळी घातक ठरू शकते. सांध्यात किंवा दोरीच्या आवरणात देतात ती स्टेरॉइडची इंजेक्शनेही २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. म्हणून डॉक्टरांकडे जाताच “मी स्पर्धेत खेळतो” हे आधी सांगावे. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरा इशारा शिशाचा. एअर पिस्तुलाचे छर्रे बहुधा शिशाचे असतात. काही मुले ते हाताशी असावेत म्हणून ओठांत धरतात. ही सवय ताबडतोब मोडावी. शिसे अंगात साठते आणि मुलांच्या मेंदूला अपाय करते. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

हाताचे दुखणे म्हणजे खेळ संपला, असे मात्र समजू नये. हंगेरीच्या कारोय ताकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायला घेतले आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये जलद पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आपल्या मुलांवर अशी वेळ येऊ नये. त्यासाठी महागडी आयात मूठ मागविण्याआधी एकदा मुलाचा तळहात उजेडात धरून पाहावा, आणि कुठे दुखते ते त्याला शांतपणे विचारावे.

पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील पोटाचे विकार.