टीव्हीवाले पुलं

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात पुलंच्या लेखनावरचा कार्यक्रम लागला, की कलाकाराच्या आधी वाक्य पुरं करणारे रसिक हमखास भेटतात. पण पु. ल. देशपांडे हे भारतीय टीव्हीच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक होते, हे त्यांतल्या अनेकांच्या गावी नसतं.

'तुझे आहे तुजपाशी' १९५७ साली रंगभूमीवर आलं तेव्हा पुलं आकाशवाणीत नोकरी करत होते. पुढे सरकारने त्यांना बीबीसीत टीव्हीचं तंत्र शिकायला धाडलं. त्या परदेशवारीतून 'अपूर्वाई' जन्मली. पुस्तक घरोघरी पोचलं. वारी कशासाठी होती ते मागे पडलं.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत टीव्ही सुरू झाला. प्रक्षेपण आठवड्यातून जेमतेम दोन दिवस, संच अगदी मोजके. पंडित नेहरूंची भारतीय टीव्हीवरची पहिली मुलाखत पुलंनीच घेतली. तेव्हा चित्रीकरण करून ठेवायची सोय नव्हती. स्टुडिओत जे घडेल ते त्याच क्षणी बाहेर जायचं. चुकलं तर चुकलं, नाटकासारखंच. फक्त समोर प्रेक्षक नाही! समोरच्यांच्या हशावर पुढच्या वाक्याची वेळ साधणाऱ्या माणसाला ही नोकरी फार दिवस मानवणं कठीणच होतं, असं मला वाटतं. १९६१ मध्ये ते 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटेच रंगमंचावर उभे राहिले आणि अख्खी चाळ त्यांनी उभी केली. टीव्हीचं नुकसान झालं असेल. मराठी माणसाची तक्रार नसावी.

मुंबईत टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यावर बातम्या देणाऱ्या भक्ती बर्वे १९७५ मध्ये पुलंच्या 'ती फुलराणी' या नाटकात मंजुळा झाल्या. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' पुलंनी इतकं मराठी करून टाकलं होतं, की मूळ नाटक इंग्रजी आहे हे सांगावं लागे. वाईला 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम करून परतताना, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, पनवेलजवळच्या भाताण बोगद्यापाशी द्रुतगती मार्गावर अपघातात भक्तीताई गेल्या. पुलंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

नव्या पिढीला पुलं भेटतात ते बहुधा मोबाइलच्या पडद्यावर, जुन्या चित्रफितींतून. तिथेही त्यांच्याइतकाच प्रेक्षकांचा हशा ऐकावा. दिल्लीच्या स्टुडिओत नेमका तोच नव्हता.