एक्स्पोला निघालात? आधी त्याला विचारा!

पेट एक्स्पोचं पोस्टर आलं की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘कोण कोण येतंय?’ मग ब्रुनोचा बंडाना, कोकोचा बो-टाय, रीलचं गाणं असं सगळं पटापट ठरतं. ज्याच्या नावानं हा घाट घातलाय, त्याला मात्र कुणीच विचारत नाही!

आता तो बोलणार कसा, असं म्हणाल. पण तो बोलतो. आपल्याला ते ऐकता यायला हवं. दिल्ली, मुंबई, बेंगळुरूत होणाऱ्या ‘पेट फेड’सारख्या इव्हेंटना धमाल असते, यात वादच नाही. फॅशन शो, खेळ, खाऊचे स्टॉल, अॅडॉप्शन कॉर्नर... तुमच्यासाठी फुल टू हॅपनिंग. त्याच्यासाठी मात्र चारी बाजूंनी अनोळखी पाय, लाऊडस्पीकर आणि एकाच वेळी नाकात घुसणारे असंख्य वास. काहींना ते आवडतं, काहींना अजिबात नाही.

कागद आधी, कपडे नंतर

लसीकरणाचं कार्ड आधी काढा. रेबीजचा वार्षिक डोस आणि डिस्टेंपर-पार्वोची लस वेळेवर झालीय का, ते बघा. राहिली असेल तर आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. लसीचा परिणाम व्हायला काही आठवडे लागतात. गर्दीत केनेल कफ पटकन पसरतो, त्यामुळे त्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. पिल्लाचे डोस पूर्ण झाले नसतील तर त्याला घरीच ठेवा. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो आणि पिल्लांच्या जिवावर बेतू शकतो. आजारी किंवा माजावर असलेल्या कुत्रीलाही यावेळी सुट्टी द्या.

आधी रंगीत तालीम

जो कुत्रा सोसायटीच्या लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा दिसला की भुंकतो, तो शेकडो कुत्र्यांत शांत कसा राहील? आधी दोन-तीन आठवडे त्याला गर्दीच्या रस्त्याजवळ, बागेबाहेर थोडा थोडा वेळ न्या. तिथेच तो गांगरला तर उत्तर मिळालं, समजा.

घरात दोन कुत्रे असतील तर दोघांचा निर्णय वेगळा घ्या. एक मिरवणारा, दुसरा सोफ्याखाली लपणारा असं असतंच की! दोघांना न्यायचंच असेल तर माणसंही दोन हवीत. एका हातात दोन पट्टे आणि दुसऱ्यात मोबाइल, हे गणित जमत नाही. लांबत जाणारा रिट्रॅक्टेबल पट्टा घरीच ठेवा. गर्दीत तो कुणाच्याही पायात अडकतो. साधा, चार ते सहा फुटी पट्टा आणि अंगावर नीट बसणारा हार्नेस बेस्ट. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच.

तो असं बोलतो

झोप आलेली नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, मागे पडलेले कान, पायांत गेलेली शेपूट, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं हे सगळं म्हणजे ‘चल ना घरी’. जागेवर थिजून उभा राहिला तर ‘किती शांत आहे बघा’ म्हणत अनोळखी मुलांना त्याच्या गळ्यात पडू देऊ नका. घाबरलेला कुत्रा चावू शकतो आणि मग दोष त्याच्यावरच येतो. ‘आज हात नका लावू’ हे हसून सांगता येतं.

धाप लागली तर

कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतात. पग, फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. त्यामुळे सकाळचा स्लॉट घ्या, पाणी आणि वाडगं घरचंच न्या. हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. धाप थांबत नाही, चिकट लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात किंवा तोल जातोय, तर उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत न्या, साध्या पाण्यानं अंग भिजवा, वारा घाला आणि थेट डॉक्टर गाठा.

फुकट मिळालेली सॅम्पल्स तिथेच खायला घालू नका. नवीन खाणं घरी, थोडं थोडं द्या, नाहीतर परतीच्या रिक्षात पोट बिघडायचं! चॉकलेट, द्राक्षं, कांदा यांपासून तर लांबच.

एवढं सगळं करूनही तो गेटवरच अडून बसला तर? ओढू नका. घरच्या एकानं त्याला घेऊन परत जायचं, हे आधीच ठरवून ठेवा. तुम्ही आत जा, स्टॉल बघा, त्याच्यासाठी एखादं खेळणं आणा. तिकिटाचे पैसे त्यातच वसूल. त्याला एक्स्पो पाहिल्याचं कौतुक नसतं, तुम्ही त्याचं ऐकलंत एवढंच पुरतं.