कॉकपिटची अनुकृती आणि अर्थभेदक लक्षणे

लढाऊ विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब अनुकृती कशी उभी करावी, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा व चित्रकलेचा दिसतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी त्यात का लक्ष घालावे, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सिम्युलेटर, म्हणजे उड्डाणाचा आभास निर्माण करणारे यंत्र किंवा संगणकीय कार्यक्रम, रचणाऱ्यास पहिल्याच पावलाला एक निर्णय घ्यावा लागतो. मूळ वस्तूच्या असंख्य तपशिलांपैकी कोणते राखलेच पाहिजेत आणि कोणते सोडले तरी चालतील? एखाद्या अपरिचित बोलीचे वर्णन करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढेही हाच प्रश्न असतो.

या प्रश्नाचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्रजीतील ‘किन’ या शब्दातील क महाप्राणाकडे झुकतो, ‘स्किन’मधील तसा झुकत नाही, इंग्रजी भाषकास हा भेद जाणवतही नाही, कारण त्यावर अर्थ अवलंबून नाही. मराठीत मात्र ‘कडी’ आणि ‘खडी’ हे दोन शब्द त्याच भेदावर उभे आहेत. ध्वनींमधील भेद तोच. एका व्यवस्थेत तो अर्थभेदक, दुसरीत निरर्थक. फेर्दिनां द सोस्यूर यांनी बुद्धिबळाच्या दृष्टान्ताने हेच सांगितले होते: लाकडी सोंगट्यांच्या जागी हस्तिदंती आणल्या तर खेळ बदलत नाही; सोंगट्यांची संख्या बदलली तर खेळाचे व्याकरणच बदलते.

कॉकपिटलाही अशी व्यवस्था आहे, ही जाणीव विमानशास्त्रात अपघातांनी करून दिली. दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकी विमानांत चाकांचे आणि फ्लॅपचे नियंत्रक एकमेकांशेजारी व जवळजवळ एकसारखे होते. उतरल्यावर फ्लॅप मिटवू पाहणारा वैमानिक चाकेच मिटवून बसे. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानिस यांनी एकाच्या टोकास चाकाचा व दुसऱ्याच्या टोकास फ्लॅपचा आकार देण्याचा उपाय सुचविला. पुढे १९४७ साली पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी नियंत्रके हाताळताना झालेल्या ४६० चुकांचे विश्लेषण केले. त्यांतील सर्वांत मोठा वर्ग एका नियंत्रकाऐवजी दुसरेच वापरल्याचा होता. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलायचे तर दोन भिन्न अर्थांना पुरेशी भिन्न रूपे दिलेली नव्हती. ज्याला ‘वैमानिकाची चूक’ म्हटले जाई, ती पुष्कळदा चिन्हव्यवस्थेतील संदिग्धता होती.

आता अनुकृतीकडे वळू. एडविन लिंक यांनी १९२९ साली अमेरिकेत बनविलेले शिक्षणयंत्र दिसण्यास विमानासारखे फारसे नव्हते. ऑर्गन बनविण्याच्या पिढीजात धंद्यातील भाते वापरून ते झुके आणि वळे. पंख आखूड, खेळण्यासारखे. तरीही केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचे शिक्षण त्यावर उत्तम प्रकारे मिळाले, कारण दांडा हलविणे आणि काटा सरकणे यांतील संबंध त्यात राखलेला होता. याच्या उलट, आजच्या संगणकीय सिम्युलेटरांत छायाचित्रे व लेसर-मापन यांच्या साहाय्याने रंगाचा उडालेला टवकाही उतरविता येतो. पण छायाचित्र हे लिपीसारखे असते. ‘जग’ हा लिखित शब्द ‘विश्व’ या अर्थाचा आहे की ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे, हे लिपी सांगत नाही. ज चा तालव्य किंवा दंततालव्य उच्चार कानानेच कळतो. कॉकपिटमध्येही अर्थाचे कितीतरी भेद छायाचित्रात उमटत नाहीत.

अशी दोन उदाहरणे पाहू. १९७४ साली प्रथम उडालेल्या एफ-१६ या विमानाचा नियंत्रणदांडा वैमानिकाच्या उजव्या हाताशी आहे. प्रारंभी तो मुळीच हलत नसे. हाताचा दाब मोजून विमान आज्ञा घेई. वैमानिकांना हे अवघड वाटल्याने पुढे त्यास अत्यल्प हालचाल देण्यात आली. घरगुती सिम्युलेटरच्या स्प्रिंग लावलेल्या दांड्यात मात्र दाबाऐवजी कोन मोजला जातो. पडद्यावरील चित्र निर्दोष असले तरी हाताला शिकविली जाणारी भाषा वेगळीच ठरते. दुसरे उदाहरण वैमानिकाच्या दृष्टीसमोरील पारदर्शक काचेचे. तिच्यावरील चिन्हे प्रकाशशास्त्रीय योजनेने अनंत अंतरावर भासतात. म्हणून डोके थोडे हलले तरी ती बाहेरच्या दृश्याशी जुळलेलीच राहतात आणि काचेच्या कडेपाशी येताच दिसेनाशी होतात. ही चिन्हे काचेवर रंगविल्याप्रमाणे दाखविणारा सिम्युलेटर स्थिर चित्रात खरा दिसतो. डोके हलविताच खोटा ठरतो.

सोव्हिएत विमानांच्या अनुकृतींत हा प्रश्न अधिकच सूक्ष्म होतो. तेथे बदलाचे तीन स्तर वेगळे करता येतात. पहिला स्तर लिपीचा. मिग-२१ च्या कॉकपिटमधील रशियन लेबलांऐवजी इंग्रजी लेबले लावण्याची सोय काही संगणकीय सिम्युलेटरांत असते. त्याने फारसे बिघडत नाही, कारण मुरलेला वैमानिक लेबल वाचत नाही. कळीचे स्थान आणि स्पर्श यांवरून ती ओळखतो. दुसरा स्तर परिमाणांचा. वेग ताशी किलोमीटरमध्ये व उंची मीटरमध्ये सांगणारी तबकडी काढून नॉट आणि फूट यांची बसविली, तर काट्याच्या प्रत्येक स्थानाचे मूल्य बदलते. तिसरा स्तर व्याकरणाचा, आणि कृत्रिम क्षितिज हे त्याचे ठळक उदाहरण होय. विमान उजवीकडे कलले असता पाश्चात्त्य उपकरणात विमानाचे चिन्ह स्थिर राहते व क्षितिजरेषा डावीकडे कलते; वैमानिकास खिडकीतून हेच दिसते. सोव्हिएत परंपरेच्या अनेक उपकरणांत क्षितिज आडवे राहते व विमानाचे चिन्ह उजवीकडे कलते. मागून पाहणाऱ्यास विमान असेच दिसेल. एकच वाक्य जणू दोन निरनिराळ्या पुरुषांत बोलले जाते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियातील पेर्म शहराजवळ बोइंग ७३७ जातीचे प्रवासी विमान कोसळून ८८ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांना पाश्चात्त्य पद्धतीच्या कृत्रिम क्षितिजाचा पुरेसा सराव नव्हता, ही बाब चौकशीत अपघातास कारणीभूत ठरलेल्या घटकांत नोंदविली गेली. संकटाच्या क्षणी माणूस आपल्या पहिल्या भाषेकडे वळतो. हाताचीही पहिली भाषा असते. म्हणूनच सोयीखातर सोव्हिएत विमानात पाश्चात्त्य क्षितिज बसविणारा रचनाकार भाषांतर करीत नसतो; तो मूळ पाठच बदलीत असतो.

मग अर्थभेदक तपशील ओळखावे कसे? आपल्या शास्त्रातील प्रतिस्थापनाची कसोटी येथे उपयोगी पडते. एक तपशील बदलावा आणि वैमानिकाची कृती बदलते का ते पाहावे. परंतु या कसोटीस एक महत्त्वाची मर्यादा आहे. मिग-२१ च्या उपकरणफलकावर मध्यभागी एक उभी पांढरी रेघ असते. नित्याच्या उड्डाणात ती कोणतेही कार्य करीत नाही. पुसून टाकली तर शेकडो उड्डाणांत कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले आणि दिशाभान हरपले की वैमानिकाने दांडा त्या रेघेच्या रोखाने नेऊन मध्यावर आणावयाचा असतो. त्या एका प्रसंगी रेघेवर प्राण अवलंबून असतात. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ साली दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यातही ते बनत असे. यापुढे आपल्याकडे त्याचे कॉकपिट संग्रहालयांत आणि अनुकृतींतच पाहावयास मिळेल. तेव्हा अनुकृतीतून गळलेली रेघ पडताळून पाहण्यास उडणारे मूळ विमान असणार नाही.

क्षेत्रीय कार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. दैनंदिन संभाषणाच्या ध्वनिमुद्रणात जे रूप आढळले नाही, ते भाषेत नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. शपथ, शोक, भांडण, संकट अशा प्रसंगीच प्रकट होणारी रूपे प्रत्येक बोलीत असतात. व्यवस्थेचे वर्णन पूर्ण झाले की नाही, हे तिच्या नित्य वापरावरून ठरत नाही. क्वचित उद्भवणाऱ्या बिकट प्रसंगी ते वर्णन पुरे पडते का, यावरून ठरते. कॉकपिटच्या अनुकृतीचा खरेपणाही याच निकषावर पारखावयास हवा.