भाऊ सापडेल, पण त्याला परत यायचंय का?

गेमच्या कथेतला पुढचा ट्विस्ट ओळखायचा कसा? (स्पॉयलर आहेत हं!)

पुराणातला ट्विस्ट म्हणजे कोडमधली राहून गेलेली कंडिशन. हिरण्यकशिपूनं वर मागितला, दिवसा मरण नको, रात्री नको. संध्याकाळ राहिली! म्हणून थिअरी मांडताना विचारा, आपण काय गृहीत धरलंय?

‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये आपण २०२० पासून हरवलेलं जुळं भावंड शोधतोय. ते संकटात असणार, हे आपलं गृहीत. मार्च २०२१ च्या १.४ अपडेटमध्ये ते भेटलं, तर चक्क शत्रूचं, म्हणजे अ‍ॅबिस ऑर्डरचं, नेतृत्व करताना!

आता आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ बघा, तोही २०२० चाच. ऑनलाइन नाही, पण धागा तोच. असुरांनी पळवलेल्या गोलूला बहीण राजी शोधते. गोलू सुटकेची वाट बघतोय, हे पुन्हा आपलंच गृहीत. माझा अंदाज, पुढच्या कथेत तो परत यायला नकार देईल.

चुकलो तर चुकलो! पण जी थिअरी चुकूच शकत नाही, ती थिअरी नाही, नुसती इच्छा आहे. तुमचा अंदाज काय? कळवा.